पाट, मनोरा आणि घरचा नळ

नामपूर हे बागलाणातले मोसम नदीकाठचे गाव. पाटाच्या पाण्याशी या भागाची ओळख फार जुनी आहे. नदीवर बंधारे घालायचे, शिवाराचे फड पाडायचे आणि पाळीपाळीने पाणी फिरवायचे, ही पद्धत इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पाटातले पाणी मध्येच अडवले तर ते हळूहळू चढते आणि काठावरून वाहू लागते. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून पाटाला सांडवाही ठेवलेला असतो. बंद नळातल्या पाण्याला मात्र चढायला काठ नाही आणि निसटायला सांडवा नाही. घरचे आणि मळ्यातले नळ का फुटतात, हे समजून घेण्याची सुरुवात या साध्या फरकापासून करता येईल.

उघड्या पाटाकडून बंद नळाकडे येताना जुने कारागीर सांडव्याला विसरले नव्हते. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १७ व्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली आणि पुढे तिथे आणखी नहरी झाल्या. त्यांत भाजक्या मातीचे नळ वापरलेले आढळतात. हे नळ फार दाब सोसणारे नव्हते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी विटा-दगडांचे मनोरे उभारले. पाणी एका बाजूने मनोऱ्यात चढे, वर मोकळ्या हवेत येई आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जाई. त्यामुळे नळात कोंडलेली हवा निघून जाई आणि वाढलेला दाबही तिथे मोकळा होई. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या वाटेवरही अशी तोंडे आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ हे फार समर्पक नाव आहे.

१९ व्या शतकात ओतीव लोखंडाचे नळ आले. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी अशाच नळांतून मुंबईत पोहोचले. लोखंड दाब सोसते, म्हणून मनोऱ्यांची गरज उरली नाही असे वाटणे साहजिक होते. परंतु मजबूत नळही फुटत राहिले.

याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टलचे आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका रुग्णालयात वरच्या टाकीतून स्वयंपाकघरात आणलेला शिशाचा नळ तोटी बंद करताच वारंवार फुटत असे. कारागिराने तोटीच्या मागे एक उभी नळी जोडली आणि ती टाकीच्या उंचीपर्यंत नेली. आश्चर्य असे, की तोटी बंद केल्यावर त्या नळीतून पाणी टाकीच्याही वर उडू लागले! ही जादू नव्हती. वाहत्या पाण्याच्या अंगी असलेली गती एकाएकी थांबली, की तिचे रूपांतर दाबात होते. १७९६ मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए यांनी याच धक्क्याचा उपयोग करून इंजिनाशिवाय पाणी वर चढवणारा पंप बनवला.

या धक्क्याला, म्हणजे जलाघाताला, गणितात बसवले ते रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी. १८९७-९८ मध्ये मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर त्यांनी प्रयोग केले. पाणी थांबले ही ‘बातमी’ दाबाच्या लाटेच्या रूपाने नळातून उलट धावते. लोखंडी नळात या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १२०० मीटर असतो, तर पीव्हीसी नळात सुमारे ४०० मीटर. लाट टोकाला जाऊन परत येण्याच्या आत तोटी बंद झाली तर पूर्ण धक्का बसतो.

आता हिशेब करू. विहिरीपासून मळ्यातल्या घरापर्यंत ६०० मीटर पीव्हीसी पाइपलाइन आहे. लाटेला जाऊन-येऊन ३ सेकंद लागतील. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असताना पाव फेऱ्यात बंद होणारा कॉक एका सेकंदात फिरवला, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलो दाब वाढतो. मुळात ३ किलो दाब असेल तर एकूण ७ किलो झाला, आणि पाइप मात्र ४ किलोचा! तो पहिल्याच धक्क्याला फुटेल असे नाही. पण रोजच्या धक्क्यांनी सांधे आणि बेंड खिळखिळे होतात. वीज गेली की पंप थांबतो, चढावरचे पाणी मागे फिरते आणि झडप धाडकन आपटते. तेव्हाही हेच घडते. घरातली नळी आखूड असल्याने तिथला धक्का लहान असतो, पण नळाची ‘खडखड’ हे त्याचेच लक्षण होय.

सगळा दोष पाण्याचाच नसतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तिच्यातला नळ वाकवते. उन्हात उघडा राहिलेला पीव्हीसी ठिसूळ होतो. लोखंडी नळ आट्यांपाशी आधी गंजतो.

उपायही अवघड नाहीत. कॉक सावकाश बंद करावा. लांब लाइनवर अनेक फेऱ्यांचा व्हॉल्व्ह बसवावा. चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह हवा. पंपाजवळची झडप चटकन आणि हळुवार मिटणारी असावी. नळ निदान दोन फूट खोल, भोवती वाळू किंवा बारीक मुरूम घालून पुरावा. उघडा भाग झाकावा आणि भिंतीवरचा नळ क्लॅम्पने बांधावा. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या नळाला वर उघडी हवानळी अवश्य ठेवावी. ती नहरीच्या मनोऱ्याचीच धाकटी बहीण आहे.

फुटका नळ म्हणजे केवळ वाया गेलेले पाणी नव्हे. पुरवठा थांबला की नळातला दाब उतरतो आणि त्याच भेगेतून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. कावीळ आणि अतिसार अशा वाटेनेही घरात येतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. उंचावर ठेवलेल्या बादलीतून लांब रबरी नळीने पाणी सोडा. टोकापाशी टी-जोड लावून बादलीपेक्षा उंच अशी पारदर्शक नळी उभी करा आणि टोक अंगठ्याने एकदम बंद करा. मग तेच सावकाश करा. उभ्या नळीतले पाणी दोन्ही वेळा किती चढले, ते विद्यार्थ्यांना मोजू द्या.