संमती, लैंगिक (विधी)

लैंगिक संमती : लैंगिक संबंधास स्त्रीने स्वेच्छेने दिलेली मान्यता. तिच्या अभावी घडलेला संभोग बलात्काराचा अपराध ठरतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७५ व्या कलमाने स्त्रीच्या इच्छेविरुद्ध वा संमतीवाचून केलेला संभोग दंडनीय ठरविला आणि मृत्यूच्या वा इजेच्या भीतीपोटी दिलेली संमती अग्राह्य मानली. परंतु संमती म्हणजे काय, हे सांगितले नव्हते. परिणामी न्यायालये तिचा शोध बहुधा स्त्रीच्या देहावरील प्रतिकाराच्या खुणांत घेत.

ही उणीव तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात प्रकर्षाने दिसून आली. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज (तत्कालीन चंद्रपूर, सांप्रत गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. तिला संभोगाची सवय असल्याचे मत मांडून सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले (१९७४). मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र भीतीपोटी पतकरलेली निमूट शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, असा भेद करून त्यांना शिक्षा दिली (१९७६). सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला (१९७८). अंगावर इजेच्या खुणा नाहीत, यावरून प्रतिकार झाला नाही, असे अनुमान त्याने काढले. पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत सत्तेचा धाक किती असतो, याची दखल त्यात घेतली गेली नाही.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून या निर्णयावर टीका केली. त्यातून देशव्यापी स्त्री-आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस व अन्य सरकारी सेवकांनी अधिकाराचा गैरफायदा घेऊन केलेल्या बलात्कारास अधिक कठोर शिक्षा ठरविली. अशा खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती, असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात करण्यात आली. २००३ मध्ये फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरविण्याची मुभा रद्द झाली.

संमतीची व्याख्या मात्र २०१३ मध्ये आली. शब्दांनी, हावभावांनी वा अन्य रीतीने व्यक्त झालेली निःसंदिग्ध व ऐच्छिक मान्यता म्हणजे संमती. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून ती मानता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात हीच व्याख्या कायम आहे. तथापि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीशी पतीने केलेला संभोग त्याच कलमाने बलात्काराच्या कक्षेतून वगळला आहे. त्यामुळे विवाहितेच्या संमतीचा प्रश्न विधीच्या दृष्टीने अद्याप अनुत्तरित राहिला आहे.