सशाच्या पैशातून घेतलेली जमीन

बिआट्रिक्स पॉटर म्हटलं की निळं जाकीट घातलेला ससा डोळ्यांपुढे येतो. मला मात्र ही बाई आठवते ती कागदपत्रांना पक्की म्हणून. (आयुष्य फायलींत गेलं की माणसाचं असंच होतं, चालायचंच.)

जन्म 1866 चा, लंडनच्या सधन घरातला. शाळेत कधी घातलं नाही, शिकवायला बाई घरी येत. ससे, उंदीर, सरडे पाळायचे आणि त्यांची चित्रं काढायची, हाच विरंगुळा. रोजनिशी लिही तीही स्वतःच शोधलेल्या गुप्त लिपीत. ती लिपी उलगडली 1958 साली, बाई जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. पुढे नाद लागला अळंब्यांचा. आपल्याकडे पावसात अळमी दिसली की आधी कढई आठवते, हिने त्यांची शेकडो चित्रं काढली आणि बीजाणू कसे रुजतात यावर निबंध लिहिला. तो 1897 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण तिच्या गैरहजेरीत. सभेला बायकांना प्रवेशच नव्हता.

तोवर ससा जन्माला आला होता. 4 सप्टेंबर 1893 रोजी तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, पत्र धाडलं. लिहायला काही सुचेना म्हणून चार सशांची गोष्ट चित्रांसकट लिहिली. गोष्टीतल्या सशाच्या बापाचं मॅकग्रेगर बाईने चक्क पाय करून टाकलेलं असतं, हे आई मुलाला अगदी सहज सांगते. पॉटरच्या पुस्तकांत गोंडसपणा आहे तो असा, सुरीची धार लपवून न ठेवणारा.

प्रकाशकांनी ते नाकारलं. मुलांच्या हातात मावेल एवढंच लहान आणि स्वस्त पुस्तक हवं, हा तिचा हट्ट. शेवटी डिसेंबर 1901 मध्ये स्वखर्चाने 250 प्रती छापल्या. मग फ्रेडरिक वॉर्न कंपनी रंगीत चित्रांच्या अटीवर तयार झाली आणि ऑक्टोबर 1902 मध्ये पुस्तक आलं. पहिल्या 8000 प्रती प्रकाशनाआधीच संपल्या होत्या. 1903 मध्ये बाईने सशाच्या बाहुलीचं पेटंटही घेऊन ठेवलं! पण अमेरिकेतला कॉपीराइट नोंदवायचा राहिला, तोही प्रकाशकाकडून. तिथे 1904 पासून चोरट्या आवृत्त्या निघू लागल्या, त्यातला एक छदाम तिला मिळाला नाही. एका नोंदीची किंमत बघा.

1905 च्या जुलैत प्रकाशकाच्याच घरातल्या नॉर्मन वॉर्नने तिला मागणी घातली. छापखान्याचा धंदा करणारा जावई नको म्हणून आईवडील नाराज. महिनाभरात नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच वर्षी तिने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, निअर सॉरी गावात, हिल टॉप नावाचं शेत घेतलं. दुःख कसं पचवलं ते ती सांगत बसली नाही. पण पुढच्या काही वर्षांतल्या पुस्तकांत हे शेतघर, त्याचा जिना, बाग, गावची वाट सगळं आलंय. जेमिमा बदकीण (1908) तिथलीच.

1913 मध्ये स्थानिक वकील विल्यम हीलिसशी लग्न केल्यावर पुस्तकं कमी झाली, मेंढ्या वाढल्या. पुस्तकांचे पैसे आले की ती डोंगरातली शेतं घेई. विकसकांच्या हाती जमीन पडून तिचे तुकडे पडू नयेत, हा हेतू. आपल्या गावचे डोंगर रोज लाल होताना बघणाऱ्या गोंयकाराला हे वेगळं समजवायला नको. गंमत म्हणजे 1927 मध्ये विंडरमिअर तळ्याकाठची एक जागा वाचवायला तिने पीटर सशाची 50 चित्रं सही करून विकायला पाठवली ती बोस्टनला, म्हणजे चोरट्या आवृत्त्यांच्याच देशात. वाचकांनी ती घेतली.

22 डिसेंबर 1943 रोजी ती गेली. नॅशनल ट्रस्टच्या नावे चार हजार एकरांहून अधिक जमीन ठेवून गेली. मृत्युपत्रात अट होती ती मेंढ्यांची: डोंगरातल्या शेतांवर हर्डविक जातीच्याच राखायच्या.