रविवारचा विसावा आणि त्याचा वांटा

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं 'ज्युबिली' हा शब्द ज्याच्या त्याच्या मुखीं आहे. त्याचें मूळ लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आहे. पन्नासावें वर्ष उगवलें म्हणजे इस्राएल लोकांनीं पेरणी करूं नये, जमिनीस विसावा द्यावा व दास्यांत पडलेल्या बांधवास मुक्त करावें, अशी आज्ञा तेथें आहे. शब्बाथाची आज्ञाही तशीच. अनुवाद ग्रंथांत ती दासदासींच्या विसाव्यासाठींही असल्याचें स्पष्ट सांगितलें आहे. तेव्हां विसावा घेणें व विसावा देणें हीं एकाच आज्ञेचीं दोन अंगें होत.

आद्य ख्रिस्ती जन प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवारीं भजनास जमत. परंतु त्या दिवशीं त्यांस सुटी नसे. ३२१ सालीं कॉन्स्टंटाइन बादशहानें न्यायाधीश, नगरवासी व कारागीर ह्यांनीं रविवारीं काम बंद ठेवावें असें फर्मान काढिलें. शेतकऱ्यांस मात्र त्यांतून मोकळीक ठेविली. कारण पेरणीची वेळ कोणासाठीं थांबत नाहीं.

सहाव्या शतकांत इटलींतील संत बेनेडिक्ट ह्यांनीं आपल्या मठवासीयांकरितां नियमावली रचिली, तींत प्रार्थना, अंगमेहनत, पवित्र वाचन व निद्रा ह्यांच्या वेळा आंखून दिल्या. रविवार वाचनाचा ठरविला. पण जेवण तर त्या दिवशींही रांधलेंच पाहिजे! म्हणून स्वयंपाकघरांतील सेवा आठवड्याच्या पाळीनें वांटून दिली. ज्याची पाळी संपे तो शनिवारीं सर्व स्वच्छ करी, आणि पाळीवर येणाऱ्यासह सर्वांचे पाय धुई. एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर कायमचा लादूं नये, हें ह्यांतील मर्म आम्हांस वाटतें.

मुंबईच्या गिरण्यांत हा विसावा फार उशिरां आला. तेथील कामकऱ्यांस आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं त्यांस एकत्र करून रविवारच्या सुटीची मागणी मांडली. ती १८९० सालीं मालकांनीं मान्य केली. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे पुढारी, ख्रिस्ती नव्हेत. तरी गिरणींत जो कोणी ख्रिस्ती कामकरी असेल, त्यास मिस्सेसाठीं वार मोकळा मिळाला तो त्यांच्या खटपटीमुळें, हें आपण कृतज्ञतेनें स्मरावें. पुढील वर्षीं, १८९१ त, परमगुरु तेरावे लिओ ह्यांनीं 'रेरुम नोव्हारुम' हें विश्वपत्र काढिलें. रविवारचा विसावा हा कामकऱ्याचा हक्क असून तो आळसासाठीं किंवा उधळपट्टीसाठीं नव्हे, तर ईश्वरभजनासाठीं आहे, असें त्यांत प्रतिपादिलें.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, हा इतिहास आपल्या उंबरठ्यापाशीं येऊन थांबतो. मिस्सा आटोपून आपण पंगतीस बसतों, तेव्हां चुलीपाशीं कोण उभें असतें? घरीं राबणाऱ्या मोलकरणीस, शेतावरील गड्यास, दुकानांतील पोरास सातवा दिवस मिळतो काय? ज्या घरीं रविवारचें काम पाळीनें वांटून घेतलें जाईल, ज्या घरची माउलीही निवांतपणें प्रार्थनेस बसेल, त्या घरीं ही ज्युबिली खऱ्या अर्थानें साजरी झाली, असें आम्हीं समजूं.