ट्रामच्या टोकाची वसाहत

दादर-माटुंग्याच्या जन्माचे श्रेय आपण सवयीने आगगाडीला देतो. परंतु बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू होऊन अर्धशतक लोटत आले, तरी त्याच्या आसपासची भातखाचरे आणि वाड्या बहुतांशी पूर्ववतच होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या श्रेयाची वाटणी नव्याने करावी लागते. वसाहतीला खरे निमित्त झाले ते १८९६ च्या प्लेगचे. मांडवीच्या कोंदट वस्तीतून ती साथ शहरभर फैलावली, माणसे भयाने परागंदा झाली, बंदरातला व्यापार थंडावला, आणि मग कुठे सरकारला रयतेच्या हवा-उजेडाची आठवण झाली! १८९८ साली कायद्याने स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, आणि बेटाच्या उत्तरेस दादर, माटुंगा, शीव, वडाळा येथील जमिनी संपादून तेथे नव्या वसाहतींचे नकाशे आखले. एकट्या दादर-माटुंग्यात ६०,००० माणसे वसवावीत, असा अंदाज होता.

भूखंड आखले गेले, तरी त्यांवर घरे उठावयास बरीच वर्षे जावी लागली. फोर्टातील कचेरीत दहाच्या ठोक्याला हजर व्हावयाचे ज्याच्या नशिबी, त्याने इतक्या दूर बिऱ्हाड कशाच्या भरवशावर करावे? तो भरवसा ट्रामने दिला. १८७४ च्या मे महिन्यात सुरू झालेली घोड्यांची ट्राम कुलाबा-पायधुणी अशा जुन्या शहरातच वावरत होती. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली, रूळ उत्तरेकडे सरकत दादरला आणि पुढे किंग्ज सर्कलपर्यंत गेले, तेव्हाच हे अंतर पगारदाराच्या खिशाला आणि घड्याळाला मानवू लागले. दादरचा तो नाका अद्यापि ‘टीटी’ म्हणूनच ओळखला जातो, आणि ती आद्याक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ची, हे तेथे रोज बसची वाट पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ट्रस्टने जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली आणि इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडावी, याच्या शर्ती घातल्या. मंचरजी जोशी यांनी खटपट करून पारशी कुटुंबांसाठी भूखंड राखून घेतले. शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली. माटुंग्यात दाक्षिणात्य कारकून आणि लघुलेखक स्थिरावले. मात्र या साऱ्यांनी मिळून जी खरी क्रांती घडविली, ती मला रस्त्यावर नव्हे, घराच्या आत दिसते. चाळीतल्या एका खोलीऐवजी आता ‘ब्लॉक’ आला, आणि ब्लॉकात संडास आला. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे शौचकूप असणे सोवळ्याच्या घराला सहजासहजी रुचण्यासारखे नव्हते. पण व्हरांड्याच्या टोकाशी सकाळी रांग धरण्यापासून मिळालेली सुटका धर्मशास्त्रावर मात करून गेली.

प्लेगने ज्यांची घरे ओस पाडली, ते हमाल व गिरणीकामगार मात्र येथे फारसे आले नाहीत. ब्लॉकाचे भाडे आणि ट्रामचे रोजचे जाणे-येणे त्यांच्या मिळकतीत बसणारे नव्हते. गरिबांच्या गर्दीवरचा उतारा म्हणून योजलेल्या जमिनीवर पांढरपेशा वर्ग नांदू लागला, आणि ट्रस्टच्या दप्तरी तो यशच म्हणून नोंदला गेला असावा.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिच्या रुळांनी व्यापलेली रस्त्याच्या मधली जागा मोटारींच्या वाट्याला आली.