वर्धा शिक्षण योजना

उत्पादक हस्तोद्योग हा केंद्रबिंदू मानून प्राथमिक शिक्षणातील सर्व अनुभवांची योजनाबद्ध मांडणी करणारी भारतीय शिक्षणपद्धती. मूलोद्योग शिक्षण, बुनियादी शिक्षण व नयी तालीम या नावांनीही ती ओळखली जाते. १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडात वर्धा येथे तिचा उगम झाला. नागपूर ही या प्रांताची राजधानी होती.

प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर येताच सार्वत्रिक शिक्षणासाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. शाळेतील उद्योगाने शिक्षकाचे वेतन निघावे, असा विचार म. गांधींनी हरिजन पत्रातून मांडला. त्यांच्या अध्यक्षतेखाली २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उद्योगाचे केंद्रस्थान व शिक्षकांचे वेतन क्रमाक्रमाने शालेय उत्पादनातून निघण्याची अपेक्षा असे चार ठराव केले. अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. सदस्यांत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा, आर्यनायकम् व आशादेवी यांचा समावेश होता. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला.

समितीचा अभ्यासक्रम सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होता. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे उद्योगाला. संगीत, चित्रकला व अंकगणित यांना मिळून ४० मिनिटे. मातृभाषेस ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे आणि शारीरिक शिक्षण व मधली सुटी यांस प्रत्येकी १० मिनिटे दिली होती. वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरले होते. इंग्रजीला स्थान नव्हते.

तथापि योजनेचा गाभा वेळापत्रकात नसून समवाय पद्धतीत होता. उद्योग, नैसर्गिक परिसर व सामाजिक परिसर या तीन केंद्रांशी प्रत्येक विषय जोडावयाचा होता. उदा., टकळीवर सूत काढताना १६० तारांची एक लटी व चार लट्यांची एक गुंडी या हिशेबातून गुणाकार, कापसाच्या झाडावरून वनस्पतिज्ञान व जमिनीची माहिती आणि कापडाच्या व्यापारातून इतिहास-भूगोल शिकविता येत असे. कापूस पिकविणाऱ्या वर्धा-नागपूर भागातील मुलांना ही सामग्री परिचित होती. अशा जोडणीविना टकळी हे केवळ श्रमाचे साधन ठरे. म्हणून समितीने वर्गात ३० हून अधिक मुले नसावीत असे सुचविले आणि शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण व एक वर्षाचा अल्पकालीन प्रशिक्षणक्रम आखला.

योजनेतील विरोधाभास आरंभीच लक्षात आला होता. आर्थिक अंगावर भर देऊन शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी दिला जाण्याचा धोका अहवालातच नमूद आहे. शाळेतील माल व्यावसायिक कारागिरांशी स्पर्धा करील, असा के. टी. शहा यांचा आक्षेप होता. हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये योजना स्वीकारली व त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर ग्रामीण शाळा चालविण्याची विद्यामंदिर योजना तिच्याशी जोडली. मात्र ‘मंदिर’ या नावास मुस्लिमांकडून विरोध झाला. १९३९ अखेर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्याने प्रयोगाची गती मंदावली. १९४४ च्या सार्जंट अहवालाने उद्योगकेंद्री तत्त्व मान्य केले. स्वावलंबनाची अपेक्षा मात्र नाकारली.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॅल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये उद्दिष्टे, अध्ययनानुभव, त्यांची संघटना व मूल्यमापन हे चार प्रश्न अभ्यासक्रमरचनेचा पाया म्हणून मांडले. वर्धा योजनेत पहिल्या तिन्हींची उत्तरे आधीच होती. चौथ्याचे उत्तर मात्र दुहेरी राहिले : मुलाचे ज्ञान मोजावयाचे की त्याने काढलेले सूत? सूत मोजणे सोपे होते. शासनाने स्वातंत्र्यानंतर अनेक शाळांना बुनियादी हे नाव दिले. परंतु समवाय साधू शकणारा शिक्षक तितक्या त्वरेने घडविता आला नाही आणि पुष्कळ ठिकाणी उद्योग हा आणखी एक तास होऊन बसला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा पुरस्कार करून मूळ तत्त्व निराळ्या नावाने पुढे चालू ठेवले.