बॉडी लोशन : घटक, त्यांचे कार्य आणि नायगावची हवा

बॉडी लोशन : हात, पाय, पाठ, पोट अशा अंगाच्या मोठ्या भागावर पसरून लावायचे आणि न धुता त्वचेवरच राहू द्यायचे पातळ प्रसाधन. पाणी आणि स्निग्ध पदार्थ एकजीव करून ते बनते. क्रीमपेक्षा त्यात पाणी जास्त असते, साधारण ६० ते ८० टक्के. म्हणून ते पटकन पसरते आणि कमी चिकटते. मात्र ओल टिकवण्याचे काम हे पाणी करत नाही. ते काही मिनिटांत उडून जाते. काम करतात ते उरलेले घटक, आणि बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली त्यांची यादी वाचता यावी, हा या नोंदीचा हेतू आहे.

नोंद नायगावचे हवापाणी समोर ठेवून लिहिली आहे. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील हे नायगाव पश्चिम रेल्वेवर भाईंदर आणि वसई रोड या स्थानकांच्या मध्ये, वसई खाडीच्या उत्तर काठावर आहे. (सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव असलेले नायगाव सातारा जिल्ह्यातले, आणि मुंबईत दादरजवळचे नायगाव आणखी वेगळे.) पश्चिमेला कोळीवाडा, पूर्वेला जूचंद्रच्या बाजूला मिठागरे, आणि त्यांच्या आसपास अलीकडे उभी राहिलेली मोठी गृहसंकुले. बर्फ आणि मासळी हाताळणाऱ्या कोळणीचे हात, खारवणात तासन्‌तास उभे राहणारे मिठागर कामगाराचे पाय आणि बोअरवेलच्या जड पाण्याने अंघोळ करणाऱ्या फ्लॅटधारकाची त्वचा यांची कोरड एकसारखी नसते. त्यामुळे तिघांना एकच बाटली सारखीच लागू पडेल असे नाही.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. या पेशी विटांसारख्या रचलेल्या, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे त्यांच्यामधले चुन्याचे बांधकाम, अशी त्याची घडण आहे. पेशींच्या आत यूरिया, लॅक्टिक आम्ल, अमिनो आम्ले असे पाणी धरून ठेवणारे नैसर्गिक पदार्थ असतात. साबण, गरम पाणी, खारे पाणी आणि कोरडा वारा या मेदाला व या पदार्थांना धुऊन नेतात. मग आतले पाणी बाहेर उडू लागते, नख ओढले की पांढरी रेघ उमटते, पोटऱ्यांवर खवले येतात आणि टाचा उलतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण ५ च्या आसपास. साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात आणि तो अंगावर बसतो. रोज दोनदा साबण चोळून वर लोशन लावण्यापेक्षा साबण काख, जांघा आणि पावले एवढ्यापुरता ठेवला, तर बरेच लोशन वाचते.

लोशनमधले ओल धरणारे घटक तीन वर्गांत मांडण्याची पद्धत आहे : पाणी खेचणारे, त्वचा मऊ करणारे आणि पाणी उडू न देणारे. चांगल्या लोशनमध्ये तिन्ही असतात.

पाणी खेचणाऱ्यांत ग्लिसरीन सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने ते १७७९ मध्ये वेगळे केले. तेलापासून साबण होताना ते आपोआप बाजूला पडते, म्हणून ते स्वस्तही आहे. लेबलवर पाण्याच्या लगेच पाठोपाठ ग्लिसरीनचे नाव असेल, तर ते शुभलक्षण समजावे. मात्र हवा फार कोरडी असताना नुसते ग्लिसरीन चोळले, तर त्याला बाहेरून पाणी मिळत नाही आणि ते त्वचेच्या खालच्या थरांतून पाणी ओढते. त्यावर तेलकट आवरण हवेच. यूरियाचे काम दुहेरी आहे. ५ ते १० टक्क्यांपर्यंत तो ओल धरतो, २० टक्के किंवा त्याहून अधिक असला की जाड, कडक कातडी सैल करून सोडवतो. म्हणून टाचांच्या भेगांसाठीच्या मलमात तो भरपूर असतो. चिरलेल्या त्वचेवर तो झोंबतो आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. लॅक्टिक आम्लही याच जातीचे. हायलुरॉनिक आम्लाचे नाव जाहिरातीत फार मोठे असते, पण अंगभर लावायच्या लोशनमध्ये ते बहुधा अगदी थोडे असते आणि त्याने किंमत मात्र वाढते.

ग्लिसरीनच्या बाबतीत महाराष्ट्राने एक भयंकर धडा घेतला आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना तोंडावाटे दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. त्यात १४ जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदी व देखरेखीच्या व्यवस्थेतली सडलेली साखळी उघड केली. ग्लिसरीन हा पदार्थ निर्दोष आहे. प्रश्न येतो तो त्याच्या प्रतीचा आणि ती तपासणाऱ्या यंत्रणेचा. परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेली सुटी बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे सांगताना ही घटना विसरता येत नाही.

दुसरा वर्ग मऊ करणाऱ्यांचा. उललेल्या पेशींच्या कडांमधल्या फटी हे पदार्थ भरतात. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल, शिया बटर, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, आयसोप्रोपिल मिरिस्टेट ही नावे इथे येतात. सीटाइल, स्टिअरिल, सीटिअरिल अल्कोहोल ही नावे पाहून पुष्कळ लोक दचकतात. ती दारूतली किंवा स्पिरिटमधली अल्कोहोल नव्हेत, तर मेणासारखे घट्ट मेदजन्य पदार्थ आहेत आणि त्वचा कोरडी करत नाहीत. कोरडी करते ती यादीत वरच्या बाजूला असलेली डिनेचर्ड अल्कोहोल.

याच वर्गात कोकणाची स्वतःची देणगी आहे, ती म्हणजे कोकमतेल किंवा मुठेल. कोकमाच्या वाळवलेल्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढतात आणि थिजू लागल्यावर हाताने त्याचे गोळे वळतात. या तेलात स्टिअरिक आणि ओलेइक या दोन मेदाम्लांचाच भरणा असतो. त्यामुळे घरातल्या उष्णतेला ते घट्ट राहते आणि ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आजीच्या काळी टाचांच्या भेगांत दिव्यावर पातळ करून भरायचे हे तेल आता परदेशी लोशनांच्या यादीत गार्सिनिया इंडिका सीड बटर या नावाने दिसते. भेगांसाठी आजही त्याच्याइतके साधे आणि स्वस्त दुसरे काही सुचवता येणार नाही. खोबरेल मात्र २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून थंडीच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते. ते खराब झालेले नसते.

तिसरा वर्ग आवरण घालणाऱ्यांचा. पेट्रोलियम जेली हा त्यातला राजा. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. त्वचेतून उडणारे पाणी ती इतर कोणत्याही नित्य वापरातल्या पदार्थापेक्षा अधिक रोखते. लेबलवर ती पेट्रोलॅटम या नावाने येते. तिची पातळ बहीण म्हणजे लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल. खनिज तेलाने कर्करोग होतो ही भीती अर्ध्या माहितीतून आली आहे. कर्करोगकारक ठरली आहेत ती कच्ची किंवा नीट शुद्ध न केलेली औद्योगिक तेले. प्रसाधनांसाठी व औषधांसाठीच्या पूर्ण शुद्ध केलेल्या प्रती त्यांत मोडत नाहीत. डायमेथिकोन हे सिलिकॉन हलके आवरण घालते आणि चिकटपणा कमी करते. मेंढीच्या लोकरीतून मिळणारे लॅनोलिन उत्तम आहे, पण काहींना त्याची ॲलर्जी असते.

पाणी आणि तेल एकत्र बांधून ठेवण्यासाठी ग्लिसरिल स्टिअरेट, पॉलिसॉर्बेट किंवा सीटिअरेथ-२० यांसारखे पायसकारक लागतात. कारखान्यात तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग वेगवेगळे ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून घुसळतात आणि थंड होत आल्यावर सुगंध घालतात. घुसळण किंवा प्रमाण चुकले तर लोशन फुटते, पाणी वेगळे दिसते. अशी बाटली परत करावी. स्टिअरिक आम्ल आणि अल्कली यांच्यापासून होणारे पायस (तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण) हे वसई-मुंबईकडच्या जुन्या पिढीला स्नो म्हणून ठाऊक आहे. ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये मुंबईत आणलेल्या अफगाण स्नोने ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द घरोघर नेला. आयुर्वेदातले शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, हेही मुळात तूप-पाण्याचे पायसच. पुण्याचे कैलास जीवन हे मलम खोबरेल तेलाच्या पायावर त्याच घराण्यातले.

पाणी आले की जंतू आले. परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारा घटक, नसलेले पाणीदार लोशन नायगावच्या जुलै-ऑगस्टमध्ये काही आठवडेही नीट टिकणार नाही, आणि बुरशी धरलेले लोशन कोणत्याही परिरक्षकापेक्षा घातक. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक १ टक्क्याच्या आत वापरतात. पॅराबेन गटातल्या मिथाइलपॅराबेनची मर्यादा ०.४ टक्का आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लहान अभ्यासात स्तनाच्या गाठींत पॅराबेन आढळली आणि जगभर घबराट पसरली. पण ती गाठींचे कारण आहेत असे त्या अभ्यासाने दाखवले नव्हते. युरोपीय संघाने पॅराबेनचे काही प्रकार बंद केले, मिथाइल आणि इथाइल मर्यादेत चालू ठेवले. उलट पॅराबेन टाळण्याच्या घाईत काही उत्पादकांनी वापरलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनने अंगावर चट्टे उठण्याचे प्रकार इतके वाढले, की युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर २०१७ मध्ये बंदी आली. डीएमडीएम हायडँटॉइन थोडे थोडे फॉर्मल्डिहाइड सोडते. संवेदनशील त्वचेच्या माणसाने ही दोन्ही नावे टाळावीत. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द मात्र निव्वळ फसवा आहे. पाणीही रसायनच.

त्वचेला त्रास देण्यात पहिला क्रमांक सुगंधाचा लागतो. लेबलवर परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स एवढाच शब्द असतो आणि त्यामागे अनेक द्रव्ये दडलेली असू शकतात. लिनालूल, लिमोनिन ही नैसर्गिक तेलांतली द्रव्येही हवेशी संयोग होऊन ॲलर्जी आणतात. इसब असलेल्यांनी आणि बाळांसाठी बिनवासाचेच लोशन घ्यावे.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार भारतात १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. वाचण्याची किल्ली इथेच आहे. फिनॉक्सिइथेनॉल कायद्याने १ टक्क्यापुढे जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या नंतर आलेले केशर, बदाम, कोरफड, मध हे सगळे चिमूटभरच. दर्शनी भागावर बदामाचे चित्र आणि मागे बदाम तेल सुगंधाच्याही खाली, असे असेल तर पैसे ग्लिसरीन आणि लिक्विड पॅराफिनचे मोजले जात आहेत. ते दोन्ही चांगले आहेत, पण त्यांना बदामाचा भाव देऊ नये. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत दुसऱ्यांच्या नावाने प्रसाधने बनवून देणारे लहान कारखानेही आहेत. बनवणारा कोण आणि विकणारा कोण हे लेबलवर वेगळे दिलेले असते, ते पाहावे.

गोरेपणाचे आश्वासन देणारे लोशन वेगळ्या गटात मोडते आणि त्यापासून दूर राहणेच बरे. अशा मलमांत पारा किंवा स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. पाऱ्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डोळ्यांभोवतीची काही प्रसाधने सोडली, तर प्रसाधनात अनवधानाने आलेला पाराही कायद्याने दशलक्षात १ भागापलीकडे चालत नाही.

नायगावात जून ते सप्टेंबर सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा वेळी दाट पेट्रोलियम जेली अंगभर लावली तर घामोळे येते, केसांच्या मुळांशी पुळ्या येतात, जांघेत गजकर्ण बळावते. एप्रिल-मेमध्येही ग्लिसरीन आणि डायमेथिकोनचे हलके लोशन पुरते. डिसेंबर ते फेब्रुवारीत जमिनीकडून वारा सुटला की दुपारची आर्द्रता कधी ४० टक्क्यांच्याही खाली उतरते. तेव्हा पेट्रोलॅटम किंवा लिक्विड पॅराफिन यादीत वर असलेले घ्यावे. लावायची वेळ एकच : अंग टिपून घेतल्यावर, ते ओलसर असतानाच. मासळी आणि बर्फ हाताळणाऱ्यांनी कामाआधी हातांना जाड थर द्यावा, मिठागरात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत आणि पाय गोड्या पाण्याने धुऊन रात्री यूरियाचे मलम किंवा मुठेल लावून मोजे घालावेत. मधुमेह असलेल्याने टाचेच्या भेगेवर घरी उपचार न करता ती डॉक्टरांना दाखवावी. नवे लोशन आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावे.

घटकांची यादी बहुतेक बाटल्यांवर फक्त इंग्रजीत, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत छापलेली असते. मिठागरातला कामगार आणि बाजारात बसणारी कोळीण हेच कोरडेपणाने सर्वांत गांजलेले ग्राहक आहेत, आणि त्यांच्याच पैशांनी घेतलेल्या बाटलीत काय आहे हे त्यांना वाचता येत नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या लोशनवर घटकांची नावे मराठीतही, वाचता येतील एवढ्या अक्षरांत छापावीत, अशी मागणी ग्राहक संघटनांनी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि केंद्राकडे लावून धरायला हवी.