लिहून घेणारी माणसं

स्मरणिका समितीने माझ्याकडे मागितलं होतं ते वेगळंच. "काका, तुम्ही इतकी वर्षं खजिनदार होतात, पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर दोन पानं द्या," असं त्यांचं म्हणणं. जमाखर्च दरवर्षी वार्षिक सभेत वाचून दाखवलेला आहे. तेव्हा कोणी ऐकला नाही, आता छापल्यावर कोण वाचणार? म्हणून परवानगी काढून विषय बदलला.

निमित्त अमळनेरच्या साहित्य संमेलनाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोसायटीतले आम्ही सहा जण गाडी करून पारोळ्यावरून अमळनेरला गेलो होतो. परत येताना गाडीत वाद सुरू झाला. आमच्यातला सगळ्यात तरुण सभासद म्हणाला, "बालकवी, साने गुरुजी, बहिणाबाई आणि नेमाडे, ही चार नावं सोडली तर खान्देशात साहित्य आहे कुठे?" त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. नंतर घरी बसून जुनी पुस्तकं, टिपणं काढली आणि लक्षात आलं, की या मोठ्या नावांच्या मागे दर वेळी कोणीतरी सतरंजी घालणारं, पावती फाडणारं, कागद जपणारं आणि मुख्य म्हणजे लिहून घेणारं माणूस उभं आहे. आपल्याकडच्या साहित्याचा इतिहास त्यांच्या बाजूने सांगून बघावा, एवढाच या लेखाचा खटाटोप.

सुरुवात घरापासून. पाटणादेवीला आपण सगळे जातो. देवीचं दर्शन, धवलतीर्थाचा धबधबा, झाडाखाली डबे, आणि परत. त्या पाटणचा एक शिलालेख आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला देणगी दिली, असं त्यात आहे. स्तुतीचे श्लोक संस्कृतात आणि शेवटी देणगीचा तपशील चक्क त्या काळच्या मराठीत! पाटणच्या बाजारात माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळे तो मठाला दिला. तेलाच्या घाण्यांवर तेलाचा ठरावीक वाटा लावून दिला. आम्ही बँकवाले याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतो. भास्कराचार्यांचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे, पण त्यांचे ग्रंथ आपल्या डोंगरात शिकवले गेले ते पाटणच्या गिऱ्हाइकाच्या आणि तेल्याच्या पैशावर. शिलालेखात त्या तेल्याचं नाव नाही, पण त्याचा घाणा आहे.

आता एकदम साडेसहाशे-सातशे वर्षं पुढे येतो. पुण्यात १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली, तीच आजच्या साहित्य संमेलनांची गंगोत्री. दुसऱ्या सभेचं, १८८५ सालचं, निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. सगळ्या माणसांचे हक्क जे मनापासून मानत नाहीत त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करणार, असा त्याचा आशय. हे पत्र लक्षात ठेवा, पुढे अमळनेरला ते पुन्हा भेटणार आहे.

१९०६ मध्ये इंग्रज सरकारने खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. जळगाव पूर्व खान्देशचं ठाणं झालं आणि लगेच पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, तिथे महाराष्ट्राचं पहिलं कविसंमेलन भरलं. नवं ठाणं, आणि पहिलं मोठं कार्य कवितेचं! अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, व्यासंग वनस्पतींचा. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही वैद्य मंडळी उघडतात. त्या सभेत धरणगावचा एक कोवळा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, कविता म्हणायला उभा राहिला. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. पुढे रेव्हरंड टिळक त्याला नगरला आपल्या घरी घेऊन गेले, लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखं सांभाळलं. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा वय पुरतं अठ्ठावीसही नव्हतं. आपल्या गाडीने भुसावळकडे जाताना जळगावनंतर भादली लागतं. मी आजही तिथे वर्तमानपत्र खाली ठेवतो.

साहित्य संमेलन जळगावला आलं १९३६ मध्ये. अध्यक्ष माधव ज्युलियन. हे मूळचे रविकिरण मंडळाचे. हे मंडळ म्हणजे पुण्यातले सात-आठ कवी-लेखक, रविवारी एकत्र जमून चहा प्यायचा आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. म्हणून सुरुवातीला त्याचं गमतीचं नाव होतं 'सन-टी क्लब'. आपल्या क्लब हाऊसमध्ये रविवारी सकाळी चहा होतो, कविता तेवढी होत नाही. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई या मंडळींनी कविता जाहीरपणे म्हणायची पद्धत रुळवली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपण ज्या चालीवर कविता म्हणायचो त्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे. माधवरावांची एक गंमत अशी, की ते फारसीचे प्राध्यापक, आरंभीची कविता फारसी शब्दांनी भरलेली, आणि नंतर भाषाशुद्धीचे इतके कट्टर झाले, की स्वतःच्याच कवितांमधले शब्द बदलत बसले. मला स्वतःला त्यांच्या जुन्या कविता जास्त आवडतात.

१९४४ चं संमेलन धुळ्याला झालं, अध्यक्ष मामा वरेरकर. पण धुळ्याची खरी श्रीमंती संमेलनापेक्षा कागदांची. वकिली करणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून फिरून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं, बाडं जमा केली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच वारले. मागे राहिले कागद. धुळेकरांनी दहा-बारा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. माणूस गेल्यावर त्याचे कागद रद्दीत जायला किती वेळ लागतो, हे ज्यांनी फ्लॅट रिकामे होताना पाहिले आहेत त्यांना मी सांगायला नको. धुळ्याच्या लोकांनी तेवढाही वेळ जाऊ दिला नाही.

अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढायचे, तेही हाताने लिहून! दिवसभर शिकवायचं आणि वर मुलांसाठी आख्खं दैनिक स्वतःच्या अक्षरात लिहून वाचायला लावायचं. ना जाहिरात, ना वर्गणी. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या हाताला सवय या कामातून लागली असं मी मानतो. हे माझं मत आहे, कोणी अभ्यासकाने खोडून काढलं तर हरकत नाही.

आणि मग १९५२. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. अमळनेरला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी. आणि त्याच वर्षी 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. संमेलनाचा मांडव उतरला, पुस्तक अजून घराघरात आहे.

बहिणाबाई असोद्याच्या, जन्म १८८०, दिल्या जळगावच्या चौधरींकडे. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीत वैधव्य आलं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी सुचायची आणि तिथेच म्हणून संपायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ही गाणी जमेल तशी टिपून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीतभीतच ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. आईची गाणी म्हणून लोक हसतील की काय, ही भीती. अत्रे वाचून हरखून गेले, आग्रहाने पुस्तक काढवलं, प्रस्तावना लिहिली. आज जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. (बहिणाबाई अहिराणीत लिहायच्या असं आपल्याकडेही सर्रास म्हणतात. ती लेवा गणबोली आहे, अहिराणी नव्हे. दोन्ही आपल्याच, पण वेगळ्या.)

या गोष्टीत सोपानदेवांचं नाव निदान पुस्तकाच्या निमित्ताने येतं. पितांबर चौधरींचं नाव मी गाडीत विचारलं तेव्हा सहापैकी एकालाही सांगता आलं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसणारा तो माणूस नसता, तर त्यातली किती गाणी राहिली असती? आणि जी टिपलीच गेली नाहीत ती किती असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत लागणार नाही.

१९८४ मध्ये जळगावला पुन्हा संमेलन झालं. अध्यक्ष 'तराळ-अंतराळ'कार शंकरराव खरात. मी तेव्हा जळगावच्या शाखेत होतो आणि स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. बँकेचा माणूस म्हटल्यावर भोजनाच्या कूपनांचं टेबल माझ्या गळ्यात. अध्यक्षीय भाषण मी कर्ण्यावरून, तेही कूपन फाडता फाडता, अर्धवट ऐकलं. एका रात्री हिशेबात बेचाळीस रुपये कमी आले. तीनदा मोजलं, शेवटी खिशातून भरले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की ते पैसे दुसऱ्या पाकिटात मीच ठेवले होते. तीन दिवसांत एकही परिसंवाद ऐकला नाही, तरी माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं संमेलन.

२०२४ चं सत्त्याण्णवावं संमेलन अमळनेरच्या मराठी वाङ्मय मंडळाने भरवलं. जागा प्रताप महाविद्यालयाची, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत गावात अठरावं विद्रोही साहित्य संमेलनही होतं, अध्यक्ष वासुदेव मुलाटे. महात्मा फुल्यांच्या पत्राचा धागा मानणारी ही मंडळी. आमच्यातल्या दोघांनी "तिकडे कशाला?" म्हणून यायचं नाकारलं. मी गेलो. पुस्तकं दोन्हीकडे घेतली. दोन्हीकडे पाण्याचे जार उचलणारी, खुर्च्या मांडणारी पोरं मात्र सारख्याच वयाची आणि सारखीच घामाघूम. एकाला विचारलं, "बापू, आतमधलं काही ऐकलं का?" तो हसला. "नही भो, जेवणाकडे ड्युटी होती." मला माझं कूपनांचं टेबल आठवलं.

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहिला ते. आपल्या सोसायटीत पहिली काही वर्षं गेटजवळ कडुनिंब होता. पार्किंगसाठी तो काढला, त्या ठरावावर सही माझीही आहे. आखाजीला त्या झाडाला झोका बांधायचे आणि तळमजल्यावरच्या आजी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणायच्या, सगळी अहिराणीत. कानबाईच्या दिवसांतली वेगळी, जात्यावरची वेगळी. जुन्या सभासदांना त्यांचं नाव सांगायला नको. एकदा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुमनं अक्षर चांगलं शे, लिखी ल्या." मी हो म्हणालो. त्या वर्षी ऑडिट होतं. पुढच्या वर्षी नातीचं लग्न. मग लिफ्टचं काम, मग करोना. एकूण सहा वर्षं मी हो म्हणत होतो. २०२१ च्या मे महिन्यात त्या गेल्या. तिरडीबरोबर जायलाही चारच माणसांना परवानगी मिळाली.

अमळनेरहून आल्यावर मी दोनशे पानी वही आणली. सौ. ला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन वहिनींना बसवून जे आठवेल ते लिहून घेतलं. चौदा गाणी पुरी झाली. नऊ अर्धवट आहेत, कुठे सुरुवात आहे तर शेवट नाही. एका गाण्याची नुसती चाल आठवते, शब्द एकही नाही, त्या पानावर मी फक्त तारीख घालून ठेवली आहे. आजींच्या मुलीला पिंपरीला फोन केला, तिने आणखी दोन सांगितली.

वही माझ्याकडे आहे. ज्यांच्या घरी कोणाला गौराईची, कानबाईची, जात्यावरची गाणी येत असतील त्यांनी संध्याकाळी सहानंतर बी-विंगमध्ये यावं, किंवा मला बोलवावं, मी येतो. आवाज चांगला असायची अट नाही. चुकलं तरी चालेल, दुरुस्तीसाठी डावीकडचं पान कोरं ठेवलं आहे.